डिकी जाम नव्हती, जाम केलेली होती

वडिलांनी मुंबईत २७ वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा ते टीव्हीसमोर बराच वेळ गप्प बसून होते. एक खासगी नंबरप्लेटची पद्मिनी घेऊन त्यांच्या दारात उभी करायची, हे मी तेव्हाच ठरवलं. हे सगळं मी विकणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं. ती माझी पहिली चूक.

गाडी कळंबोलीकडच्या एका यार्डात होती. १९८६चं मॉडेल, क्रीम रंग, आरसी बुक नीट, इंजिन पहिल्याच सेल्फला चालू. मागच्या डाव्या कोपऱ्याला टेम्पोची ठोकर बसलेली, बंपर आत दबलेला. "डिकी तेवढी जाम झालीय दादा. ठोकर बसली तेव्हापासून, दोन वर्षं झाली, उघडलीच नाही. आत स्टेपनी आणि ओरिजिनल टूलकिट तसंच पडलंय. कुठलाही डेंटर पाचशे रुपयांत उघडून देईल." मी म्हटलं, मागची सीट काढून आत बघू या. तर म्हणाला, "रेक्झिन ओरिजिनल आहे, हात लावला तर फाटेल. मग ते मिळणार नाही." मला ते पटलं. जुन्या गाडीचं अस्सल रेक्झिन मिळत नाही हे खरंच आहे, आणि खऱ्या गोष्टीच्या आड खोटं चटकन दिसत नाही.

सौदा १,४५,००० रुपयांना ठरला. स्टॅम्प पेपरवर त्यानं 'जशी आहे तशी' असं लिहून घेतलं आणि खाली एक वाक्य जोडलं: डिकी बंद अवस्थेत पाहून घेतली आहे. मी सही केली.

ठाण्याला आणल्यावर वागळे इस्टेटमधल्या आमच्या ओळखीच्या डेंटरकाकांकडे गाडी नेली. त्यांनी किल्लीच्या भोकात तेल सोडलं, बंपर उतरवला. मग मला डिकीवर दोन्ही हातांनी दाबायला लावून स्वतः किल्ली फिरवली. मार लागलेल्या गाडीत झाकणाचा ताण लॅचवर, म्हणजे कुलपाच्या खटक्यावर येतो, असं दाबलं की तो सुटतो. किल्ली सहज फिरली, पण झाकण तसूभरही हललं नाही. काकांनी झाकणाच्या कडेच्या फटीवरून बोट फिरवलं आणि थांबले. फट चारही बाजूंनी सारखी होती. "ठोकर बसून डिकी अडकली असती," ते म्हणाले, "तर ही फट एकीकडे मिटली असती, दुसरीकडे फाकली असती." यार्डात मी तीच फट बघितली होती आणि गाडी सरळ आहे म्हणून खूशही झालो होतो.

मग मागची सीट काढली. बैठक वर उचलून निघाली, पाठीचे स्क्रू सोडवले, मागचा पुठ्ठा बाजूला केला. रेक्झिन कुठेही फाटलं नाही. टॉर्च आत घातला तेव्हा लॅचवर वेल्डिंगचे दोन टाके दिसले. आजूबाजूचा सगळा पत्रा तांबूस गंजलेला आणि ते दोन टाके चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. स्टेपनी नव्हती. टूलकिटही नव्हतं. तळाला ताजं डांबर फासलेलं होतं.

काकांनी डांबर खरवडलं तसं खालून पातळ पत्र्याचं ठिगळ निघालं, रिव्हेट मारून बसवलेलं, कडेला लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली. ठिगळाखाली तळ नव्हताच. भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून लांबी ओढली होती. एक बोळा मी उलगडला. त्यावरची तारीख माझ्या खरेदीच्या तीन आठवडे आधीची होती. दोन वर्षं न उघडलेल्या डिकीत!

आता हे नुसतं दिसण्याचं प्रकरण आहे असं कुणाला वाटू नये. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नसते, बॉडीच सगळा भार घेते. मागचे पाटे, म्हणजे चाकांच्या पट्टीच्या स्प्रिंगा, ज्या शॅकलवर (लोखंडी दुव्यावर) टांगलेले असतात, त्याचा आधार डिकीच्या तळालगतच असतो. माझ्या गाडीत डावीकडे तो आधारच अर्धा गळाला होता. या गाडीत मी वडिलांना बसवून कळंबोलीहून ठाण्याला आणलं होतं. तो विचार मनात आला की आजही झोप लागत नाही.

तळ कापून नवा बसवायला काकांनी ६२,००० सांगितले आहेत. विकणाऱ्यानं फोनवर स्टॅम्प पेपरवरचं ते एक वाक्य वाचून दाखवलं आणि फोन ठेवला. पोलीस चौकीत म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. गाड्या विकणं हा ज्याचा धंदा आहे, त्याच्याविरुद्ध तिथे दोन वर्षांच्या आत जाता येतं. कुणाकडून घरगुती व्यवहारात गाडी घेतली असेल तर तो रस्ता नाही, हेही लक्षात घ्या.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा खिशात एक लोहचुंबक ठेवा. लांबी भरलेल्या जागी तो धरत नाही, कोपरे आणि तळ त्यानं चाचपून बघा. गाडीखाली वाकून पाट्यांच्या टोकांशी टॉर्च मारा. आणि डिकी बंद असेल तर इसार देण्याआधी, यार्डातच, तुमच्या माणसाकडून उघडून घ्या. सीट काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा, मग गाडी कितीही मनात भरलेली असो.

गाडी सध्या काकांच्या शेडमध्ये मागची चाकं उतरवून ठोकळ्यांवर उभी आहे. वडील रोज विचारतात, कधी आणतोस. वर्तमानपत्राचा तो तुकडा मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लॅचवरच्या टाक्यांच्या फोटोंसोबत फाइलला लावला आहे. आयोगाच्या तारखेला तो घेऊन जाणार आहे.