भुईनिंब तपासायचा कसा: पाण्यातला काढा की मिथेनॉलमधला अर्क?

विदर्भातल्या खेड्यांत तापावर भुईनिंब देतात तो पाण्यात उकळून. प्रयोगशाळेत मात्र तोच वाळवून, दळून बहुतेकदा मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये भिजवतात. कारण सरळ आहे: त्यातला मुख्य कडू घटक, अँड्रोग्राफोलाइड, पाण्यात फार कमी विरघळतो, मिथेनॉलमध्ये चांगला उतरतो. घटक वेगळा काढून मोजायचा तर हाच मार्ग.

पण मेळघाटातल्या भूमकाचं, म्हणजे गावच्या वैदूचं, औषध पारखायचं असेल, तर त्याच्याच पद्धतीचा काढा तपासायला हवा. मिथेनॉलच्या अर्काने पेशींवर परिणाम दाखवला, म्हणून काढाही लागू पडतो, हे मला अजिबात पटत नाही. काढा लवकर बिघडतो, दर वेळी सारखा उतरत नाही. ती अडचण सोसावी.

पद्धतीचं मोल चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो यांनी दाखवलं. जुन्या ग्रंथात चिंगहाव ही वनस्पती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला ईथर या द्रावकाने अर्क काढला, मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ साली नोबेल मिळालं. म्हणून गावात नुसता पाला गोळा करू नका. पाणी किती, उकळायचं किती वेळ, झाड कोणत्या महिन्यातलं, हे भूमकाला विचारून आधी वहीत उतरवा.