हात थरथरतायत, तोंड हलतंय: पॅसिटेन घ्यायची, डोस कमी करायचा की गोळीच बदलायची?

घरात कुणाला रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉलसारखी मानसिक आजारावरची गोळी चालू असते, थोड्या दिवसांनी हात थरथरतात, चाल बारीक होते, चेहरा एकदम कोरा दिसायला लागतो, मग घरचे एकतर गुपचूप गोळी बंद करतात नाहीतर मेडिकलवाल्याला विचारून पॅसिटेन, म्हणजे थरथर-कडकपणा कमी करायची गोळी, वाढवतात. दोन्ही अंगाशी येऊ शकतं. कारण या गोळ्यांनी होणारा त्रास एकाच प्रकारचा नसतो, आणि एकाला जे औषध चालतं तेच दुसऱ्याला बिघडवतं.

आधी नेमकं काय होतंय ते बघा. इंजेक्शन किंवा नवीन गोळीनंतर पहिल्या काही दिवसांत मान वाकडी, जीभ बाहेर, डोळे वर चढलेले, हे जास्त करून तरुण पोरांना होतं, गावाकडे लोक बाहेरचं लागलं म्हणून देवऋषाकडे नेतात, पण दवाखान्यात फेनर्गनचं इंजेक्शन दिलं की बऱ्याचदा अर्ध्या तासात माणूस सरळ होतो. दुसरा प्रकार जागेवर बसवत नाही तो, सारख्या येरझाऱ्या, पाय हलवणं, आतून तगमग. हा फार फसवा, कारण घरच्यांना वाटतं आजार वाढला, डॉक्टरलाही तसंच सांगतात, डोस वाढतो आणि तगमग अजून वाढते. तिसरा पार्किन्सनसारखा, कडकपणा आणि थरथर, काही आठवड्यांत येतो. चौथा महिन्यांनी-वर्षांनी येतो, तोंड चघळल्यासारखं हलत राहतं, जीभ वळवळते, त्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात, आणि हा गोळी थांबवली तरी राहू शकतो.

आता पर्याय. डोस कमी करणं मला सगळ्यात आधी विचारण्यासारखं वाटतं. मेंदूतले डोपामाइन या रसायनाचे साधारण ६५ टक्के रिसेप्टर (ते जिथे जाऊन बसतं त्या जागा) गोळीने अडले की औषध काम करतं आणि ८० च्या वर गेलं की कडकपणा सुरू होतो, म्हणजे मधे थोडी जागा असते. खर्च शून्य, पण आजार उलटायची भीती खरी आहे, त्यामुळे हळूहळू आणि डॉक्टरला सांगूनच.

पॅसिटेन स्वस्त, कडकपणा आणि थरथरीवर काही दिवसांतच फरक दिसतो. पण तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं, आणि वयस्कर माणसाचं विसरणं वाढतं, काचबिंदू किंवा प्रोस्टेट असेल तर नकोच. तगमगीवर तिचा फारसा उपयोग नाही (तिथे प्रोप्रॅनोलॉल जास्त बरं, दमा नसेल तर), आणि तोंड हलण्याचा चौथा प्रकार तर तिने वाढू शकतो. आपल्याकडे अजून एक गंमत आहे, रिस्पेरिडोन आणि पॅसिटेनवालं ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत मिळतं, नावापुढे 'प्लस' असतं, त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं ते खातोय हे घरात कुणाला माहीतच नसतं. गोळ्यांची पट्टी उलटी करून वाचा.

गोळी बदलणं म्हणजे एक त्रास देऊन दुसरा घेणं. क्वेटियापिनने हालचालीचा त्रास फार कमी, पण झोप, वजन, शुगर. ओलांझापिनचं वजन तर विचारूच नका. अॅरिपिप्राझोलने वजन फारसं वाढत नाही पण तगमग याच्यानेच होऊ शकते. क्लोझापिन हालचालीच्या बाबतीत सगळ्यात चांगली, पण पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जाऊ शकतात म्हणून सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायची पद्धत आहे, तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला हे किती जमेल ते आधीच बघा.

तोंड हलायला लागलंय तर गोळी बदलण्याची चर्चा लांबवू नका असं माझं मत. या तोंड हलण्यावर टेट्राबेनाझिन नावाची गोळी मिळते, पण तिने उदासी येऊ शकते, आधी आत्महत्येचे विचार येऊन गेले असतील तर ते डॉक्टरला स्पष्ट सांगा. अमेरिकेत २०१७ पासून याच त्रासावर व्हॅल्बेनाझिन आणि ड्युटेट्राबेनाझिन आहेत, तिकडे नातेवाईक उपचार घेत असतील तर विचारायला हरकत नाही.

तरुण माणूस आणि नुसता कडकपणा असेल तर थोडे दिवस पॅसिटेन ठीक, तीनेक महिन्यांनी अजून लागते का ते विचारायचं. साठीच्या पुढे मी पॅसिटेनच्या आधी डोस किंवा गोळीबदल बघेन. आणि हो, अॅसिडिटीच्या गोळीत लेव्होसल्पिराइड आहे का तेही बघा, 'गॅसची गोळी' म्हणून चालू असते आणि थरथर तिच्यामुळेही होते.

ताप, लाकडासारखं अंग आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसला तर तुलना-बिलना सोडा, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

बाकी वेळी अपॉइंटमेंटच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण डॉक्टरसमोर पेशंट बऱ्याचदा शांत बसतो. तोंड, हात, चालणं तिन्ही घ्या, चप्पल-मोजे काढून, म्हणजे पायाची बोटं हलतात का तेही दिसेल.