नाश्ता करावा की सोडावा, नुसतं चालावं की वजनं उचलावीत: वजन उतरवणाऱ्यांसाठी एक तुलना

वजन कमी करायचं ठरवलं की आपल्याकडे दोन प्रश्नांवर गाडी अडते. सकाळचा नाश्ता बंद करायचा का? आणि रोजचं चालणं पुरेल की जिम लावावी लागेल? घरातले, ऑफिसातले, सोसायटीतले सगळे यावर ठामपणे बोलतात आणि प्रत्येकाकडे आपापलं उदाहरण तयार असतं. मला विचाराल तर नाश्त्याच्या बाबतीत वेळेपेक्षा ताट महत्त्वाचं, आणि व्यायामात चालण्याच्या जोडीला ताकदीचा व्यायाम आपल्या लोकांनी अजिबात टाळू नये. असं का म्हणतो, ते सविस्तर मांडतो.

आधी मोजायचं काय ते ठरवू. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३, म्हणजे वजनकाट्याच्या हिशेबाने दोघं सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली शरीरं दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटातली, जास्त. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. शिंप्याकडची टेप घरात असेल तर ती काट्याइतकीच, खरं तर काट्याहून जास्त कामाची आहे. खालची सगळी तुलना याच हिशेबाने केली आहे: चरबी जावी, स्नायू राहावेत.

नाश्ता: करणारे आणि न करणारे

महाराष्ट्रात हा वाद दोन नावांनी ओळखला जातो. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा ओळखा, दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन वाढतं, तेव्हा खाण्याच्या वेळाच कमी करा, असं त्यामागचं सूत्र. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. सकाळी उठल्यावर चहाऐवजी फळ किंवा भिजवलेले बदाम, मग घरचा ताजा नाश्ता, दिवसभर थोडं थोडं, आपल्या मातीतलं, तुपाला न घाबरता.

दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यामुळे कोण खरं हे विचारण्यापेक्षा नुसत्या नाश्त्याने किती फरक पडतो हे पाहिलेलं बरं. २०१९ च्या जानेवारीत 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा १३ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. नाश्ता करणारे दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त खात होते आणि त्यांचं वजन न करणाऱ्यांपेक्षा सुमारे अर्धा किलो जास्त होतं. म्हणजे 'नाश्ता सोडला की दुपारी दुप्पट खाल्लं जातं' हे भाकीत सरसकट खरं ठरलं नाही. मात्र त्या चाचण्या थोड्या काळाच्या होत्या, बहुतेक ब्रिटन-अमेरिकेतल्या होत्या आणि फरकही लहान होता. तेवढ्यावर कुणाचा आवडता नाश्ता बंद करावा असं मला वाटत नाही.

आणि एक उलट बाजूही आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने २०१४ साली सडपातळ माणसांवर सहा आठवड्यांचा प्रयोग केला. वजनात दोन्ही गटांत फरक पडला नाही, पण नाश्ता करणाऱ्यांची दिवसभराची हालचाल जास्त होती. न खाणारी माणसं नकळत कमी हलत होती. सकाळी रिकाम्या पोटी तुम्ही मरगळता का, जिना टाळता का, दुपारपर्यंत चिडचिड होते का, हे स्वतःकडे बघून ठरवण्यासारखं आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण अशी की 'मी नाश्ता करत नाही' म्हणणारे पुष्कळजण प्रत्यक्षात करत असतात. सकाळी दोन कप गोड दुधाचा चहा आणि त्यात बुडवून चार बिस्किटं किंवा खारी. त्यात दोनशेहून जास्त कॅलरी सहज जातात, प्रथिनं जवळजवळ नाहीत आणि अकरा वाजता पोट पुन्हा मागायला लागतं. नाश्ता सोडायचा असेल तर हेही सोडावं लागेल. नाहीतर मग सरळ बसून नीट नाश्ता करावा. चहा-बिस्किटावर काढलेली सकाळ मला तिन्हींत सगळ्यात वाईट वाटते.

करायचाच, तर ताटात काय

इथे खरा फरक पडतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

कांदेपोहे घ्या. एका माणसाचे साठ ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे साधारण २१० कॅलरी आणि जेमतेम चार ग्रॅम प्रथिनं. त्यात एक मोठा चमचा तेल पडलं की आणखी १२० कॅलरी. शेंगदाणे सढळ घातले तर प्रथिनं थोडी वाढतात, पण तेवढ्यावर भूक फार वेळ थांबत नाही आणि पातेल्यात उरलेले पोहे 'संपवून टाक गं' म्हणत पुन्हा बशीत येतात. उपम्याचं गणित फार वेगळं नाही. साबुदाण्यात तर जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ. खिचडीला जे काही बळ आहे ते दाण्याच्या कुटाचं, म्हणून उपवासाच्या दिवशी साबुदाणा निम्मा करून दाणे, दही आणि काकडी वाढवलेली चांगली.

आता याच्या शेजारी मुगाची धिरडी ठेवा. ५० ग्रॅम मूग भिजवून वाटले तर १७० च्या आसपास कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सोबत वाटीभर दही घेतलं की पंधरा-सोळा ग्रॅमपर्यंत जाता येतं. दोन उकडलेली अंडी आणि एक ज्वारीची भाकरी हेही जवळपास तिथेच पोचतं. भाजणीचं थालीपीठ मधे कुठेतरी बसतं. त्यात डाळी आहेत ही जमेची बाजू. तेलाची भोकं किती पाडता आणि वर लोण्याचा गोळा केवढा, यावर बाकी अवलंबून.

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सुमारे ५४ ग्रॅम. वजन उतरवताना त्याहून थोडी जास्त घेतली तर स्नायू टिकायला मदत होते. शाकाहारी घरात हा आकडा दोन जेवणांत गाठणं अवघड जातं. म्हणून शाकाहारी माणसाने नाश्ता ठेवावा आणि तो कडधान्याचा ठेवावा, असं माझं मत आहे. मासे-अंडी नेमाने खाणाऱ्याला नाश्ता सोडणं तितकं महागात पडत नाही.

पोहे बंद करा असा अर्थ कुणी काढू नये. पोहे निम्मे करा, त्यात मटार आणि मोड आलेले मूग घाला, तेल मोजून घाला.

व्यायाम: एकच की मिसळ

चालण्याइतका सोपा व्यायाम नाही. ना फी, ना उपकरण. पण त्याची मर्यादा माहीत असावी. ७० किलोच्या माणसाने ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर झपझप चाललं तर दोनशेच्या किंचित वर कॅलरी खर्च होतात. एक वडापाव त्याहून जास्त देतो. तेव्हा खाणं न बदलता नुसत्या चालण्यावर भिस्त ठेवली तर काटा फार हळू हलतो.

चालण्या-पळण्यासारखा दम लागणारा व्यायाम आणि वजनं यांची थेट तुलना अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने केली, २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जादा वजनाच्या ११९ जणांचे तीन गट, आठ महिने. फक्त दम लागणारा व्यायाम करणाऱ्यांचं वजन आणि चरबी उतरली. फक्त वजनं उचलणाऱ्यांचं वजन उलट थोडं वाढलं, पण ते स्नायूंचं होतं. दोन्ही करणाऱ्यांची चरबीही उतरली आणि स्नायूही वाढले. मात्र त्यांना वेळ जवळपास दुप्पट द्यावा लागला. काट्यावरचा आकडाच हवा असेल तर दम लागणारा व्यायाम जिंकला असं म्हणता येईल. पण याज्ञिकांचा तो फोटो डोळ्यांसमोर ठेवला तर आपल्यासाठी उत्तर तिसऱ्या गटात आहे. कमी खाऊन वजन उतरवताना स्नायूही झिजतात, आणि मुळात आपल्याकडे त्यांची शिल्लकच कमी.

ताकदीच्या व्यायामाला जिमच हवी असं नाही. तालमीतले जोर-बैठका म्हणजे तेच. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसून उठणं, जमिनीवर जोर जमत नसतील तर ओट्याला हात टेकून जोर, पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन कंबरेकडे ओढणं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही अशीच आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायूंचा. 'घरकामात होतो की व्यायाम' असं म्हणणाऱ्या ताई-काकूंना एवढंच सांगेन की घरकामाने हालचाल भरपूर होते, पण स्नायूंवरचा भार महिन्यागणिक वाढत नाही, आणि स्नायू वाढतात ते वाढत्या भाराने.

सूर्यनमस्कार या दोन्हींच्या मधे बसतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते घराघरांत नेले आणि आजही मराठी माणसाला दुसरा कुठलाही व्यायाम शिकवण्याआधी नमस्कार येत असतो. वेगाने घातले तर दम लागतो, छाती-दंडांवर भार येतो. उणीव एकच, त्यात ओढण्याची क्रिया नाही, त्यामुळे पाठीसाठी वेगळं काही करावं लागतं. पुण्यात राहणाऱ्यांना हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वती हाताशी आहेत. चढाने मांड्यांचं काम होतं, फक्त उतरताना गुडघे सांभाळा. झुंबा आवडत असेल तर चालण्याच्या जागी खुशाल धरा.

राहिला वैविध्याचा प्रश्न. दर आठवड्याला नवा व्यायाम करावा का? २०१९ मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका लहान प्रयोगात सरावलेल्या पुरुषांपैकी काहींना ठरलेले व्यायाम दिले, काहींना ॲपवरून सतत बदलते. आठ आठवड्यांनी स्नायूंची वाढ सारखीच होती. बदलते व्यायाम करणाऱ्यांचा उत्साह मात्र जास्त होता. म्हणून पटकन कंटाळणाऱ्याने बदल करावा. पण नवशिक्याने बैठका, जोर, ओढणं आणि प्लँक हे चार प्रकार दोन महिने तरी तेच ठेवावेत, म्हणजे मागच्या आठवड्यापेक्षा आज किती पुढे गेलो ते कळतं. बदल हवाच तर चालण्यात करा: एक दिवस टेकडी, एक दिवस सायकल.

उपाशीपोटी व्यायाम केल्याने चरबी जास्त जळते, हेही खूप ऐकू येतं. त्या तासापुरतं ते खरं आहे. पण २०१४ मधल्या एका छोट्या चाचणीत, दोन्ही गटांचं दिवसाचं खाणं सारखंच कमी ठेवल्यावर, चार आठवड्यांनी फरक दिसला नाही. सोयीचं असेल ते करा.

कुणी काय निवडावं

पहाटेची लोकल पकडणारा, सकाळी घास न उतरणारा माणूस: नाश्ता सोडा, पण चहा-बिस्किटासकट. डब्यात उसळ असू द्या, चालणं संध्याकाळी स्टेशनवरून घरापर्यंत, ताकदीचे दोन दिवस शनिवार आणि बुधवार.

शाकाहारी, चाळिशी ओलांडलेली स्त्री: नाश्ता ठेवा, धिरडं किंवा उसळ. चालण्यातले दोन दिवस काढून ताकदीला द्या. रजोनिवृत्तीच्या आसपास हाडांनाही त्याची गरज असते.

संध्याकाळी जिमला जाणारा तरुण: नाश्ता करा किंवा करू नका, दिवसाची प्रथिनं भरली की झालं.

मधुमेहावर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर नाश्ता स्वतःच्या मनाने बंद करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. गरोदर बायका आणि वाढत्या वयाची मुलं यांनी नाश्ता सोडण्याच्या वाटेला जाऊच नये.

जे निवडाल ते आठ आठवडे चालवा आणि दर रविवारी सकाळी, काही खाण्याआधी, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून लिहून ठेवा. काटा थांबला आणि कंबर उतरतेय, तर काही बदलू नका. दोन्ही थांबले, तर व्यायाम वाढवण्याआधी तेल, साखर आणि संध्याकाळचं फरसाण तपासा.