जुन्या पिकअपचं बॉडीकाम आणि प्रायमरखाली लपवलेला गंज

पहिला फोड ड्रायव्हरच्या दारामागे, केबिनच्या खालच्या कोपऱ्यात आला. टाचणीच्या डोक्याएवढा. गाडी रंगून घरी येऊन सात महिने झाले होते आणि मी ती पुसत होतो, म्हणून बोटाला लागला. नाहीतर दिसलाही नसता. आठवड्याभरात त्याच्या शेजारी आणखी पाच-सहा आले. एक नखाने दाबला तर रंगाचा पापुद्रा फुटला आणि आतून तपकिरी पाणी आलं. गंज आतून बाहेर येत होता, आणि ज्या जागी तो येत होता तिथे माझ्या समजुतीप्रमाणे कोरा, नवा पत्रा जोडलेला होता. त्याचे पैसे मी दिले होते.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि जे ती बॉडीकामाला टाकायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गॅरेजचं नाव देत नाही. नाव कळलं तर त्या एका जागेपासून सुटका होईल. ही फसवणूक कशी करतात ते कळलं तर ती कुठेही ओळखता येईल.

पिकअप मामांची, १९६० च्या दशकातली. त्या काळातल्या बऱ्याच पिकअपसारखी हिचीही पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे आहे, आणि पेट्रोल भरायचं तोंड केबिनच्या बाजूला, दाराच्या मागे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच सगळं उघड झालं.

गंज कुठे आहे हे मला गाडी देण्याआधीच माहीत होतं. केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे, दारांखालचे लांब पट्टे, पायाखालचा पत्रा, पुढच्या मडगार्डचे खालचे काठ, काचेखालचा भाग. या गाड्या तिथेच सडतात, कारण तिथे पत्र्याचे दोन थर एकमेकांवर येतात, मध्ये पोकळी असते, त्यात माती आणि पाला साचतो, पाणी बाहेर जायची भोकं बुजतात आणि पत्रा आतल्या बाजूने खाल्ला जातो. बाहेरून बोटाएवढं भोक दिसत असेल तर आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो. वरून घासून, गंजरोधक लावून हे बरं होत नाही. गंजाचं रूपांतर करणारी फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाची औषधं मिळतात, ती पृष्ठभागावरच्या पातळ गंजावर चालतात; आरपार सडलेल्या पत्र्याला ती काहीही करू शकत नाहीत. तो भाग कापायचा आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा जोडायचा, एवढाच उपाय.

गॅरेजचा मालक हेच बोलला. अगदी हेच. म्हणून तर मी विश्वास ठेवला. जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा, सडलेलं कापायचं, नवा तुकडा काठाला काठ लावून जोडायचा, सलग वेल्डिंग न मारता लांब लांब टाके घेत, थंड होऊ देत पुढे जायचं म्हणजे पत्रा उष्णतेने वाकडा होत नाही. मग उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे ओलावा पत्र्यापर्यंत जाऊ न देणारा पहिला थर. त्यावर पुट्टी, ती फक्त पत्रा सपाट करायला, दोन-तीन मिलीमीटरच्या वर नाही. मग जाड थराचा प्रायमर आणि लांब फळीवर कागद लावून घासकाम. मी जे वाचलं होतं ते सगळं त्याने न विचारता सांगितलं. शब्द बरोबर होते. शब्द बरोबर असणं आणि काम बरोबर होणं यांचा काही संबंध नाही, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले. प्रत्येक टप्प्याला तो मोबाईलवर फोटो पाठवणार आणि मी पुढचा हप्ता देणार. लिखित काही नव्हतं. बिलावर शेवटी ‘संपूर्ण डेंटिंग-पेंटिंग’ एवढे दोन शब्द आले. पुढे भांडायची वेळ आली तेव्हा त्या दोन शब्दांनी मला काहीही मदत केली नाही.

पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा गाडीचा हौदा आणि दारं काढून ठेवलेली होती, केबिनवर ताडपत्री होती. धूळ बसेल, उघडू नका, असं सांगितलं. दुसऱ्यांदा जायचं ठरवलं तर वेल्डर आलेला नाही, पुढच्या आठवड्यात या. मग फोटो आला: केबिनचा कोपरा, चकचकीत उघडा पत्रा, नव्या तुकड्याभोवती वेल्डिंगची घासलेली रेघ. मला इतका आनंद झाला की मी तो फोटो घरी सगळ्यांना दाखवला आणि त्याच संध्याकाळी हप्ता दिला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सगळी केबिन राखाडी झाली होती.

प्रायमर मारलेली गाडी फार सुंदर दिसते. पोचे नाहीत, डाग नाहीत, सगळं एकसारखं. मी हात फिरवला, कुठे उंचवटा लागला नाही. एका कोपऱ्यात गॅरेजात काम करणारा मुलगा दुसऱ्या एका गाडीच्या दारावरची उघडी पुट्टी बादलीतल्या पाण्याने भिजवून घासत होता. मी ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. पॉलिएस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी शोषते. म्हणून पुट्टी कोरडीच घासायची असते, ऐंशी नंबरच्या कागदाने आकार देऊन एकशे ऐंशीने साफ करायची. पाणी मारून घासायचं ते नंतर, वरचा प्रायमर. मला हे माहीत होतं. गाडी माझी नव्हती म्हणून गप्प बसलो. ज्या गॅरेजात दुसऱ्याची गाडी अशी होते तिथे आपली वेगळी होत नाही.

फोड आल्यावर आधी लोहचुंबक घेतला. पातळ, लवचिक, कपाटाच्या दाराला लावतात तसा. टपाला चिकटला, बॉनेटला चिकटला, केबिनच्या दोन्ही कोपऱ्यांवरून घसरून खाली पडला; चुंबक पुट्टीला चिकटत नाही, तिच्या जाड थराखाली लोखंड असलं तरी ओढ पोचत नाही. मग एकाकडून रंगाची जाडी मोजायचा मीटर आणला. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. पत्र्यापर्यंत उतरवून नीट केलेल्या कामात थर जास्त असतात, त्यामुळे तीन-चारशे आले तरी घाबरायचं कारण नाही. पातळ पुट्टी असेल तर आकडा हजाराच्या पुढे जातो, १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलीमीटर. त्या मीटरची मर्यादा २००० होती. कोपऱ्यांवर आणि दारांखालच्या पट्ट्यांवर तो आकडाच दाखवेना.

तरीही मनात शंका होती की नवा पत्रा घातला असेल आणि वर पुट्टी जरा जास्त झाली असेल. म्हणून सीट बाहेर काढली.

टाकी जागेवर होती. तिच्या पट्ट्यांच्या बोल्टवर जुन्या चिखलाचा घट्ट थर तसाच होता, पान्याची एकही खूण नव्हती. कित्येक वर्षांत ते बोल्ट कोणी हलवलेले नव्हते. आता सांगा, पेट्रोलच्या टाकीपासून वीतभर अंतरावर, तिला न हलवता कोणी वेल्डिंग करेल? रिकामी टाकी तर आणखी धोक्याची, कारण आत वाफ भरलेली असते. केबिनच्या कोपऱ्यात खरोखर वेल्डिंग करायचं तर पहिलं काम टाकी बाहेर काढायचं. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला बॅटरी मारली. तिथे मूळ रंग शाबूत होता, जिथे होता तिथे. वेल्डिंग झालं असतं तर मागच्या बाजूला रंग जळून पत्रा निळा-काळा पडला असता. जळल्याची एक रेघही नव्हती. होता तो गंजाचा चुरा आणि त्यातून आत डोकावणारी अ‍ॅल्युमिनियमची जाळी.

मग मी मोबाईलमधला तो फोटो पुन्हा उघडला. ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा, कंबरेपर्यंत केबिन दिसते. आणि जिथे पेट्रोल भरायचं तोंड असायला हवं तिथे सपाट पत्रा. माझ्या गाडीला तोंड आहे. तो फोटो माझ्या गाडीचा नव्हताच. मी तो कितीतरी वेळा पाहिला होता, लोकांना दाखवला होता.

कोपरा उघडायला अर्धा दिवस लागला. हीटगनने पुट्टी मऊ करून छिन्नीने काढली. जाडी बारा मिलीमीटर होती, काही ठिकाणी त्याहून जास्त. खाली फायबरचं कापड, त्याखाली जाळी, त्याखाली पोकळी भरायला कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे, ओले. पुट्टीचे काठ जुन्या गुळगुळीत रंगावरच बसवले होते, नीट खरवडलेलेही नव्हते, त्यामुळे मोठे तुकडे हाताने सुटून आले. दारांखालच्या पट्ट्यांना तळाशी पाणी जायला जी भोकं असतात ती सगळी पुट्टीने बुजवली होती. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. बाकीच्याने त्यांनी गंज लपवला, भोकं बुजवून त्यांनी गंज वाढवला. दिलेल्या दिवशी जो पत्रा अजून चांगला होता तोही सात महिने पाण्यात बसून खराब झाला.

टपावर एका ठिकाणी कागदाने हळूहळू घासत खाली गेलो. झाडाच्या खोडासारखी कडी दिसायला लागली: वरचा पारदर्शक थर, नवा रंग, राखाडी प्रायमर, आणि त्याखाली मामांच्या वेळचा मूळ हिरवा. पत्र्यापर्यंत काहीच उतरवलेलं नव्हतं. सबंध गाडीवर.

गॅरेजवाल्याकडे गेलो तेव्हा तो शांत होता. जुन्या गाडीत गंज परत येतोच, म्हणाला. हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल, म्हणून सांगतो: कापून काढलेला गंज परत येत नाही. नवा पत्रा, दोन्ही बाजूंनी इपॉक्सी, सांध्यांवर सीलर आणि पोकळीत मेणाचा फवारा असेल तर त्या जागी सात महिन्यांत फोड येत नाहीत. जो परत येतो तो कधी गेलेलाच नसतो. टाकीबद्दल विचारलं तर कारागीर बदलले, लक्षात नाही. फोटोबद्दल विचारलं तर चुकून दुसरा गेला असेल. पैसे परत मिळाले नाहीत.

दुसऱ्या जागी गाडी टाकताना मी काय बदललं तेवढं सांगतो. हप्ता रंगाला किंवा प्रायमरला बांधला नाही, उघड्या पत्र्याला बांधला. सगळे तुकडे जोडून झाले की प्रायमर मारायच्या आधी मी येणार, आतून-बाहेरून बघणार, मग पैसे. असं कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. कापलेले जुने तुकडे फेकायचे नाहीत, मला द्यायचे. सडलेला कोपरा हातात आला म्हणजे तो कापला गेला, याहून चांगली पावती नाही. फोटोत माझ्या हातच्या अक्षरात तारखेची चिठ्ठी पत्र्यावर चिकटवलेली हवी, आणि चौकटीत असं काहीतरी हवं जे फक्त माझ्या गाडीला आहे. उघडा पत्रा दमट हवेत काही तासांतच लालसर व्हायला लागतो, तेव्हा कारागिराला घाई असते आणि ती खरी असते. म्हणून बोलावलं की लगेच जायचं, त्याला ताटकळत ठेवायचं नाही. भिंगाच्या बारीक नळीचा कॅमेरा मोबाईलला जोडता येतो, तो पोकळीत घालून आतली बाजू बघता येते. आणि न सांगता जायचं. ज्याचं काम सरळ आहे तो हातातला ग्राइंडर खाली ठेवून दाखवतो. या दुसऱ्या कारागिराने तर पहिल्याच दिवशी टाकी काढून माझ्या ताब्यात दिली, घेऊन जा म्हणाला, इथे नको.

पुट्टी म्हणजे फसवणूक, असं मात्र कोणी समजू नये. जुना पत्रा कितीही ठोकला तरी आरशासारखा होत नाही, पातळ पुट्टी लागतेच, आणि फळीवर तासन्‌तास घासणारे हात फार कसबी असतात. भोकावर घातलेली पुट्टी ही फसवणूक.

गेल्या महिन्यात एका ओळखीतून एकाचा फोन आला. त्याच्याकडेही त्याच काळातली, सीटमागे टाकी असलेली पिकअप, त्याच गॅरेजात टाकलेली. त्याने कौतुकाने कामाचा फोटो पाठवला. चकचकीत कोपरा, वेल्डिंगची घासलेली रेघ, पेट्रोलच्या तोंडाच्या जागी सपाट पत्रा. तोच फोटो. मी त्याला एवढंच म्हटलं, उद्या सकाळी न कळवता जा आणि सीटच्या मागे हात घालून बघ. दहा वाजता त्याचा फोन आला. टाकी जागेवर होती, बोल्टवर चिखल होता आणि कोपरा राखाडी झाला होता. तळहाताएवढी जागा माझ्यासमोर पत्र्यापर्यंत घासून दाखवा, एवढंच त्याने मागितलं, तर शेठ नाहीत, उद्या या, असं उत्तर मिळालं. त्याने तिथूनच टोइंगवाल्याला बोलावलं. गाडीवर अजून रंग चढला नव्हता.