आर्ताची पायी फेरी : पुलासाठी अर्धा दिवस राखून ठेवा

आम्ही वरूडकडचे संत्रावाले. आंबिया बहराचा माल उतरला होता, मृग बहराची तोडणी यायची होती, तेवढ्या सवडीत जानेवारीत बागायतदारांच्या गटासोबत ग्रीसला जाऊन आलो. आर्ता हे गाव कार्यक्रमात आलं ते तिथल्या संत्र्यांच्या बागांमुळे. गावच्या जुन्या पुलासाठी टूरवाल्यांनी 20 मिनिटं ठेवली होती. फोटो काढा अन् बसा गाडीत. आम्हा सहा जणांना ते पटलं नाही. हॉटेलात विचारून तिथल्याच एका गाईडबाईंची तीन तासांची पायी फेरी घेतली, माणशी 15 युरो. बाई इंग्रजीत सांगत, पुतण्या आम्हाला मराठीत.

गाव अराख्थोस नदीच्या वळणात वसलंय. इ.स.पू. 7व्या शतकात कोरिंथच्या लोकांनी वसवलं तेव्हा नाव होतं अम्ब्राकिया. पुढे राजा पिऱ्हसने इथे राजधानी केली. अपोलोच्या देवळाचा चौथरा आज चालत्या गावाच्या मधोमध उघडा आहे, बाजूने गाड्या जातात. परिगोरितिसा, म्हणजे सांत्वन करणाऱ्या माउलीचं चर्च, 13व्या शतकाच्या अखेरचं. बाहेरून चौकोनी वाड्यासारखं दिसतं. आत गेल्यावर मान वर करा: भिंतीतून पुढे काढलेल्या दगडी खांबांवर खांब, त्यावर पुन्हा खांब, आणि त्यांच्यावर अख्खा घुमट. खालून बघताना छातीत धस्स होतं.

पण खरी फेरी पुलाची. चार मोठ्या कमानी, चारही कमी-जास्त, म्हणून पुलाची पाठ एका बाजूला उंचावलेली. आज दिसतो तो पूल बराचसा 17व्या शतकाच्या सुरुवातीचा. 1881 ते 1912 पर्यंत ग्रीस आणि तुर्की राज्याची हद्द या नदीवर होती. उंचवट्यावर थांबवून बाईंनी गोष्ट सांगितली. 45 गवंडी, 60 शिकाऊ पोरं. दिवसभर बांधायचे, रात्री सगळं ढासळायचं. एक पाखरू माणसाच्या वाणीने बोललं, मुख्य गवंड्याच्या बायकोला पायव्यात चिणल्याशिवाय पूल उभा राहायचा नाही. अंगठी खाली पडली म्हणून तिला खड्ड्यात उतरवलं आणि वरून चुना-दगड लोटले. तिने शाप दिला, मी थरथरते तसा हा पूल थरथरो. तेव्हा कोणी म्हणालं, अगं, तुझा भाऊ परदेशी आहे, तो याच पुलावरून आला तर? तिने शाप फिरवला: डोंगर हलतील तेव्हाच हा पूल हलो.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या आजीने जात्यावर बसून सांगितलेली विहिरीची गोष्ट हीच. पाणी लागेना, मग धाकल्या सुनेला उतरवलं. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडंबी हाये हे." पुतण्याने सांगितलं तशा त्या कठड्याला टेकल्या आणि म्हणाल्या, सगळी सांगा. मी सांगितली, पंधरा मिनिटं तरी. बाईंनी घाई केली नाही, घड्याळ पाहिलं नाही, फोनवर माझा आवाज भरून घेतला. गाईड असावा तर असा.

उणीव एकच. बागांबद्दल त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. तिकडची संत्री घट्ट सालीची, सुरीनेच कापावी लागतात. खुंट कोणता, म्हणजे कलम कोणत्या झाडावर बांधता, असं विचारलं तर त्यांनी तिथूनच आपल्या शेतकरी मामांना फोन लावला. उत्तर आलं, कडू नारिंगीचा. म्हणजे गावातल्या रस्त्याकडेला सकाळपासून दिसत होती तीच झाडं; आपल्याकडे खुंटाला जंबेरी लिंबू असतं, त्याच्या जागी. त्या नारिंगीचा मुरांबा त्यांनी शेवटी बशीत, चमचा आणि गार पाण्याच्या पेल्यासोबत दिला. साल कडसर-गोड, दाताखाली करकरीत.

हिवाळ्यात तिकडे पाऊस असतो, पुलावरचा दगड गुळगुळीत आहे. चपला घालून जाऊ नका. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी चर्च करावं, तिथे बसायला बाक आहेत, मग पूल.