दुःख कुठे लिहावं: वॉलवर, स्टेटसला की बंद ग्रुपमध्ये?

घरातलं माणूस गेलं की लिहायचं कुठे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. आधी एवढं ठरवा: बातमी कळवायची आहे की आधार हवाय? दोन्ही कामं एकाच पोस्टवर सोपवली की पंचाईत होते.

कळवायला फेसबुकची वॉल उत्तम. एकेकाला फोन करणं वाचतं. शिवाय आईची एखादी वर्गमैत्रीण, जिचा नंबर घरात कुणाकडेच नाही, ती आपल्याला ठाऊक नसलेली आठवण लिहून जाते. पण बाकी सगळी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग, आणि चौथ्या दिवशी सामसूम. वर्षाने ‘मेमरीज’ तीच पोस्ट न विचारता समोर आणून ठेवतं. तिथल्या सेटिंगमध्ये ती व्यक्ती किंवा तारीख लपवता येते, ते आधीच करून ठेवा. आणि पोस्ट टाकण्याआधी जवळच्यांना फोन. सख्ख्या बहिणीला वॉलवरून कळू नये.

व्हॉट्सॲप स्टेटस 24 तासांत नाहीसं होतं, कुणाला दिसावं तेही ठरवता येतं. रात्री दोनला भडभडून आलं तर बरं पडतं. मात्र कोणी पाहिलं त्याची यादी दिसते, आणि पाहून गप्प राहिलेली नावं आपण मोजत बसतो. मी मोजली आहेत. फॅमिली ग्रुपचं तर विचारूच नका: आईवरच्या चार ओळींखाली सहा मिनिटांत गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’.

तिसऱ्या महिन्यात, बाकीचे विसरल्यावर, शोकग्रस्तांचा बंद, म्हणजे फक्त सदस्यांनाच दिसणारा, ग्रुप कामी येतो. गर्भपात, आत्महत्या, पाळलेलं कुत्रं जाणं, अशी दुःखं चारचौघांत धड मांडताही येत नाहीत. शोकाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशाच, समाजाने दखल न घेतलेल्या दुःखावर पुस्तक काढलं. अशा ग्रुपमध्ये अनोळखी माणसं जास्त नीट ऐकतात. फक्त पहिला आठवडाभर नुसतं वाचा. उपाय विकणारे घुसले असतील तर बाहेर पडा. झोपण्यापूर्वी तर ग्रुप उघडूच नका, दुसऱ्यांचंही ओझं उशाला येतं. जगणंच नकोसं वाटत असेल तर यातलं काहीच पुरेसं नाही. जवळच्या माणसाला किंवा हेल्पलाइनला लगेच फोन करा.

मला स्वतःला एका मैत्रिणीचा मेसेज सगळ्यात उपयोगी पडला: “बोलवत नसेल तर नुसता टिंब टाक.” पुढचे दोन महिने मी टिंबच टाकत होतो.