गेरिट, आठ महिन्यांनंतर: उणे एकची सवय होईपर्यंत

नोकरीत पहिल्या दिवसापासून कोड ठेवायला आणि तपासायला गिटहब ही साइट वापरलेली, त्यामुळे गेरिट हे कोड तपासायचं टूल उघडल्यावर वाटलं की पान अर्धवटच लोड झालंय. बारीक अक्षरांचे तक्ते, आणि पुल रिक्वेस्टचं ('माझा बदल घ्या' अशा विनंतीचं) हिरवं बटण कुठेच नाही. हे टूल गूगलमध्ये अँड्रॉइडच्या कामासाठी घडलं. लिब्रेऑफिस आणि मीडियाविकीचा कोडही त्यावरच तपासला जातो. मी हात घातला तो प्रकल्प वेगळा. त्याचं नाव घेत नाही, निम्म्या चुका माझ्याच होत्या.

पहिला पुश (कोड सर्व्हरवर पाठवणं) तोंडावर परत आला: कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, मेसेजमध्ये चेंज-आयडी ही ओळखखूण नाही. तो एक हुक (छोटी स्क्रिप्ट) आपोआप घालतो, पण हुक आधी आपल्या मशीनवर आणून ठेवावा लागतो. चार ओळींच्या दुरुस्तीपायी अख्खा शनिवार गेला. पुढे बदल सुचवले गेले, तर मी गिटहबच्या सवयीने वर दुसरी कमिट चढवली. झालं, गेरिटने तिचा वेगळाच चेंज (तपासणीची स्वतंत्र नोंद) उघडला. इथे जुनी कमिट अमेंड करून, म्हणजे तिच्यातच दुरुस्ती करून, तीच पुन्हा ढकलायची, म्हणजे त्याच चेंजचा पुढचा पॅचसेट (पुढची आवृत्ती) तयार होतो.

मग आला रिव्ह्यूअरचा, म्हणजे कोड तपासणाऱ्याचा, लाल -१. दहावीचा निकाल पाहावा तसं पोटात गोळा. खरं तर त्याचा अर्थ एवढाच की 'आहे तसं नको, थोडं सुधारून आण'. अडवतो तो -२. आणि दोन +१ मिळून +२ (पक्की मंजुरी) होत नाही, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. तोवर मी मनातल्या मनात बेरीज करत होतो.

सगळ्यात मोठा घोळ पुढेच. रिव्ह्यूअरच्या प्रत्येक शंकेला मी ओळीखाली नीट उत्तर लिहिलं, सेव्ह केलं आणि वाट बघत बसलो. नऊ दिवस चिडीचूप. 'नवख्याला कोण विचारतो' म्हणून चिडलोही. उत्तरं होती ड्राफ्टमध्ये! वरचं रिप्लाय बटण दाबून पाठवल्याशिवाय ती दुसऱ्या कुणालाच दिसत नाहीत. तिकडे समोरचा माझीच वाट बघत होता.

माझ्या मते नवखा माणूस टीकेमुळे पळत नाही. चेंडू कुणाच्या कोर्टात आहे हे न कळल्यामुळे पळतो. त्यावर गेरिटमध्ये सोय आहे: आता ज्याची पाळी, त्याच्या नावाजवळ छोटा बाण दिसतो. ३.३ आवृत्तीपासून आहे म्हणे, मला मात्र कुणी दाखवला नव्हता. आणि रिव्ह्यूअर आपणच जोडायचा; कोणाला, ते फाइलच्या गिट लॉगमध्ये (आधी कुणी काय बदललं त्या यादीत) बघा. नाहीतर पॅच बेवारस पडून राहतो.

आवडलं काय? तिसरा आणि पाचवा पॅचसेट शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते बघता येतं. कमिट मेसेजवरही ओळीओळीने शेरे येतात. माझे 'फिक्स केलं' छापाचे मेसेज तिथेच सुटले.

पाचापैकी साडेतीन. चार ओळींचा तो पॅच सातव्या पॅचसेटला मुख्य कोडमध्ये मर्ज झाला, तेव्हा त्याच्या तीनच ओळी उरल्या होत्या.